सबनीसांच्या सेटची चिमणी

“अंकल, ही चिवचिव बंद करा. मतलब, एकदम नया जैसा करून द्या,” मीनल म्हणाली. तिचे वडील सबनीसकाका खुर्चीत बसले होते.

प्रताप नगरमधल्या त्यांच्या मागच्या खोलीत मी ट्रान्समीटर उघडून बसलो होतो. मी रेल्वेच्या टेलिकॉममधला. व्हॉल्व्हचं काम येणारे जयपुरात तेव्हा फारसे उरले नव्हते. व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचे काचेचे दिवे, तापले की काम करणारे. काका हौशी रेडिओवाले. लायसन्स घेऊन दर रविवारी सकाळी वर्ध्याच्या दिवाकररावांशी मोर्समध्ये गप्पा मारायचे. मोर्समध्ये माणसाचा आवाज नसतो, नुसता सूर तुटत तुटत जातो.

अर्धांगवायूमुळे काकांचं स्टेशन कित्येक महिने बंद होतं. मित्राला कळवायचं नाही, असं त्यांनी मीनलला बजावलं होतं. बरा झालो की मीच सांगेन म्हणे.

सेटचा पॉवर सप्लाय दमला होता. मोर्सची कळ, म्हणजे की, दाबली की व्होल्टेज पडायचं आणि सूर चिमणीसारखा घसरायचा. आमच्या लेखी तो दोष. शिवाय ट्रान्सफॉर्मर हात लावू नये इतका तापत होता. मी कपॅसिटर बदलले, एक व्हॉल्व्ह बदलला. सूर एकदम सरळ झाला. मला कोण आनंद! मीनलने जुने पार्ट त्याच दिवशी कबाडीवाल्याला देऊन टाकले.

रविवारी काका बसले. उजवा हात गेलेला, म्हणून पहिल्यांदाच डाव्या हाताने हाक दिली. उत्तर आलं. ते ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“म्हणतो, हे नाव सबनीसचं आहे. तू कोण?”

काकांनी पुन्हा पुन्हा हाक दिली. पलीकडे सामसूम.

शेवटी मीनलने फोन लावून स्पीकर चालू केला. दिवाकरराव रडत होते. “अरे, हाताची लय तुझी नाही, सेटची चिमणी नाही. मला वाटलं तू गेलास, आणि तुझं नाव कुणीतरी वापरतंय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक रेझिस्टर टाकून मी चिवचिव परत आणली. काकांनी ती ऐकली आणि कीवरचा हात काढून घेतला.

“राहू दे रे. ही पढवलेली चिमणी आहे. दर वेळी सारखीच ओरडते.”

त्यानंतर दोघं रविवारी फोनवर बोलायचे. तब्येत विचारून व्हायची, हवापाणी व्हायचं, बोलणं संपायचं. सेटवर मीनलने कव्हर घातलं.

माझं काम चोख होतं, याचंच अजून वाईट वाटतं. तेव्हापासून कुणाचंही जुनं यंत्र उघडण्याआधी मी विचारून घेतो, यातलं काय बिघडलेलंच राहू द्यायचं?