मागच्या सीटवरून दिसलेला बर्फ

नागपूर स्टेशनवर गाडी सुटायला अजून बराच वेळ होता, तरी बाबांनी मला डब्यात चढवलं आणि स्वतः खिडकीचे गज धरून खाली उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मुंबईहून विमान होतं. आई रडत होती, ताई, तू तिला सावरत होतीस आणि उभा जन्म सरकारी शाळेत शिकवण्यात घालवलेले बाबा मला शेवटचा धडा देत होते. "कोणी बसायला जागा दाखवली की लगेच बसू नको. आधी पाहून घे, कोणती जागा आहे ते."

ताई, तुला ठाऊकच आहे, हे कुठून आलं. लहानपणी गावच्या पंगतीत बाबांना गोठ्याशेजारी, सगळ्यांपासून लांब बसवायचे. पुढे आपलं घर बौद्ध झालं, बाबा शिकले, मास्तर झाले, पण ती जागा विसरले नाहीत. मीही ती न पाहताच सोबत घेऊन आलो. परवा फोनवर तू पुन्हा विचारलंस, परत का नाही आलास रे? म्हणून हे लिहितोय.

बर्मिंगहॅममधल्या एका बँकेच्या आयटीत मी लागलो. ऑफिसात मराठी बोलणारा एकच होता, पुण्याचा अजित. पहिल्याच दिवशी त्याने मला कॅन्टीनमध्ये गाठलं. हीटिंग कसं लावायचं, घरपट्टीसारखा कौन्सिल टॅक्स कसा भरायचा, घरी फोन करायला कुठलं कार्ड स्वस्त पडतं, सगळं त्याने न विचारता सांगितलं. मला ते खटकलं. इतकं गोड कोण कशाला बोलेल? त्याचा काहीतरी स्वार्थ असणार म्हणून मी कितीतरी दिवस वाट पाहिली. स्वार्थ काही दिसेना, तसा माझा संशय आणखी वाढला.

दुसऱ्या हिवाळ्यात कंपनीने विचारलं, अजून तीन वर्षं राहणार का? उत्तर ख्रिसमसच्या सुट्टीनंतर द्यायचं होतं. माझा हिशेब सरळ होता. परक्या देशात एकही माणूस आपला म्हणता येत नसेल, तर परत गेलेलं बरं. आणि आपला म्हणता येईल असा अजित एकटाच होता, तोही संशयित.

त्याच सुमारास त्याने जुनी जर्मन सेडान गाडी घेतली आणि तिच्यावर भलताच भाळला. म्हणाला, "स्कॉटलंडला जाऊ या, हायलँड्समध्ये. बर्फ बघू यार! तुला इन्शुरन्सवर नेम्ड ड्रायव्हर म्हणून ॲड करतो, म्हणजे तुलाही चालवता येईल. तुझं फुल नेम सांग, स्पेलिंगसकट."

फुल नेम. हा प्रश्न मी कुठेही ओळखतो. ट्रेनमध्ये, लग्नात, भाड्याची खोली बघताना, प्रत्येक वेळी तो काहीतरी वेगळंच कारण काढून येतो. मी आडनावासकट सांगितलं आणि त्याचा चेहरा बारकाईने पाहिला. अजित मुकाट लिहून घेत होता. पक्का बेरकी आहे, असं मनाशी म्हटलं.

निघायच्या सकाळी मी पुढचं दार उघडलं, तर त्या सीटवर जेवणाची पिशवी.

"अरे, तू मागे बस ना," अजित म्हणाला. "रिअर-व्हील ड्राइव्ह आहे. मागे वेट नसेल तर स्नोमध्ये ग्रिपच येत नाही."

मी शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. तो सांगत होता ते शंभर टक्के खरं होतं. जी चाकं गाडी ढकलतात, त्यांच्यावर भार हवाच. डिकीत त्याने पिठाची दोन पोतीही टाकली होती. पण डोक्याला पटलं म्हणून मनाला पटतंच असं नाही. वजनच हवं होतं तर माझ्यासारखा काडीपहेलवान कशाला? आणि पिशवी मागे का नाही? जेवण पुढे, मी मागे. मी बसलो, पण जागा पाहून बसलो.

एम सिक्स हायवेवर अजित गाणी म्हणत होता आणि मी त्याची मान बघत होतो. वाटेतल्या सर्व्हिसेसच्या थांब्यावर कॉफी आणायला तो गेला तरी मी हललो नाही. लेक डिस्ट्रिक्ट मागे पडलं, ग्लासगो मागे पडलं, डोंगर पांढरे होत गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी बर्फ पाहत होतो आणि तो बाजूच्या काचेतून, मान वाकडी करून.

एका अरुंद चढाच्या पायथ्याशी अजितने गाडी थांबवली, तेव्हा माझ्याने राहवलं नाही. "मी पुढे बसतो."

"अरे, पण आता तर खरा चढ..."

"मला मेकॅनिकल शिकवू नकोस."

पिशवी उचलून मी मागे फेकली आणि पुढे बसलो. बूड टेकताच दचकलो. सीट चक्क गरम होती! हे काय म्हणून विचारणार, तेवढ्यात गाडी चढाला लागली. मागची चाकं जागच्या जागी फिरली, शेपूट डावीकडे गेलं आणि आम्ही आडवे होऊन दगडी कुंपणाच्या हातभर अलीकडे थांबलो.

अजितने हँडब्रेक ओढला. "झालं काय तुला सकाळपासून?"

मी सांगून टाकलं. बाबांचा गोठा, पंगत, फुल नेम, मागची सीट, पुढची पिशवी. मी चिडलो होतो आणि घाबरलोही होतो, त्यामुळे काही शिल्लक ठेवलं नाही.

अजित स्टीअरिंग सोडून माझ्याकडे वळला. "मला हे सुचलंच नाही रे," तो म्हणाला. मग म्हणाला, "न सुचणं सोपं असतं ना मला." मागे हात घालून त्याने पिशवीतलं थालीपीठ काढून माझ्या हातात दिलं. ते वाफाळत नव्हतं, पण कोमट होतं. "हीटेड सीट फक्त पुढेच आहे. म्हणून डबा तिथे ठेवला होता."

बर्फावर टाकायला रस्त्याकडेच्या पिवळ्या पेटीत ठेवलेलं खडी-मीठ आम्ही दोघांनी ओंजळीने चाकांखाली टाकली. मग त्याने किल्ली माझ्याकडे दिली आणि पिशवी मांडीवर घेऊन स्वतः मागे बसला. "तू चालव. माझं पोट एकदाचं कामी येऊ दे."

गाडी हळूहळू चढली. वर पोचल्यावर समोरच्या पूर्ण काचेतून मी बर्फ पाहिला. तेव्हाही मनात आलंच, की हा माणूस उद्या हा किस्सा ऑफिसात सांगेल का? त्याने तो आजवर कुणाला सांगितलेला नाही. निदान माझ्या कानावर तरी आलेला नाही.

मी राहिलो. तीन वर्षांची पुढे कितीतरी झाली. आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा एअरपोर्टवर अजित गाडी घेऊन हजर होता. डिसेंबरची बोचरी थंडी होती. त्याने पुढचं दार उघडलं. "काका, तुम्ही पुढे बसा."

बाबा बसले नाहीत. आधी वाकून त्यांनी सीटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "गरम आहे ही. आपल्या आधी कोण बसलं होतं?"

"कोणी नाही, काका," अजितने ऐकलं होतं. "तुमच्यासाठीच गरम करून ठेवलीय."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं आणि मग ते बसले. अजितने आपल्या हाताने त्यांचा बेल्ट लावला. आई आणि मी मागे बसलो. त्या दिवशी जागा पाहायची मला आठवणच राहिली नाही. ताई, घर म्हणजे काय ते मला तेवढंच कळलंय.