अळणी पेजेचे पान

दादा गेला तो सोमवार होता. दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीतून माणूस कोल्हापूरला आमच्या घरी आला. आईने दार उघडले.

दादा मुंबईबाहेरच्या रेयॉनच्या गिरणीत, प्रयोगशाळेत होता. तिथे लाकडाचा लगदा औषधांत विरघळवून, बारीक छिद्रांतून तेजाबात सोडून पुन्हा त्याचा धागा करीत. त्या धाग्याच्या तुकड्यांपासून कागद करायचे दादाने मनावर घेतले होते. पातळ थर दिला तर कागद, जाड दिला तर न विणलेले कापड, असे तो सांगे. चिकटवायला देवगडजवळच्या मिठबावच्या काकीची पेज वापरून बघायची, असा त्याचा बेत होता. तो राहून गेला. त्याची तिकडची खोली आवरताना तुकड्यांचे पोते निघाले. आई म्हणाली, "तू जा. एक पान झाले तरी घेऊन ये. नाहीच झाले, तर पोते तिथल्या समुद्रात सोड."

कोल्हापूरहून एसटीने निघाले. घाट उतरला तशी हवा दमट झाली. फोंडाघाटला गाडी थांबली, गरम भजी खाल्ली. तिथे एक मासे विकणारी बाई रिकामी पाटी घेऊन शेजारी येऊन बसली.

"इतको कापूस? लगीन ठरलां काय गो तुजां?"

"कापूस नाही. लाकूड आहे."

तिने पोते चाचपले. "लाकूड? मगे माका बसाक दी. ह्यां बाकडां टोचता."

देवगडपर्यंत ती दादाच्या पोत्यावर बसून आली. कितीतरी दिवसांनी मला हसू आले.

पुढे बैलगाडी. एका वळणावर माडांच्या बुंध्यांमधून समुद्र दिसला, आणि लगेच काकीचे घर. ओटीवर गवतात आंबे पिकत घातले होते. दादा लहानपणी याच घरी वाढला. काकी त्याला बाबलो म्हणे. तिने कुळथाची पिठी, भात आणि तळलेला बांगडा वाढला, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

सकाळी खळ्यात (अंगणात) हंडा मांडला. पाण्यात धाग्याचे तुकडे ढवळले. शेजारच्या विठूकाकांनी खिडकीच्या चौकटीवर बारीक जाळे ताणून आणले. चौकट बुडवून उचलली की तिच्यावर सायीसारखा थर येई. पण वाळला की भुगा. कापूस कुटला की त्याचे तंतू फुटतात आणि एकमेकांना धरतात. हे धागे गुळगुळीत, कुणीच कुणाला धरीना. वाऱ्याने भुगा उडाला, त्यामागे कोंबड्या धावल्या.

"बांगड्यासारके निसाटतत मेले," विठूकाका म्हणाले.

मग काकीने पेज ओतली. दुपारी थर सुटला तो ताठ, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा चमकणारा. विठूकाका जाड तुकडा उलटापालटा करून बघत राहिले. "माग नाय, ताणो नाय, बाणो नाय. आणि कापड?"

संध्याकाळी खारा वारा सुटला आणि दोरीवरची सगळी पाने ओल्या पंच्यासारखी लोंबली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी पोत्याचे तोंड बांधले. एवढ्यात विठूकाकांची हाक आली.

"वयनी! तुजी पाडी (कालवड) कागद खाता गो!"

ती खात नव्हती. डोळे मिटून चाटत होती.

"मीठ चाटता ती. पेजेत मीठ घातलंस?" विठूकाकांनी विचारले.

"मगे? आळणी पेज कोण रांधता?" काकी म्हणाली.

मीठ हवेतले पाणी ओढून घेत होते. मी म्हटले, "काकी, एकदा अळणी करशील?"

तिने तोंड फिरवले. आमच्या घरात अळणी पेज सुतकातच शिजते. दादासाठी तिने दहा दिवस ती रांधली होती, दहा दिवस खाल्ली होती.

"ती सरली गो. परत नको."

मी आग्रह केला नाही. सकाळच्या ओहोटीला पोते सोडायचे ठरवले.

सकाळी भाताच्या वासाने जाग आली. काकी चुलीपुढे होती. मिठाचे मडके बाहेर गडग्यावर (दगडी कुंपणावर) ठेवलेले.

"हाताची सवय मोडणा नाय. भरवसो नाय माजो." पेज हंड्यात ओतताना ती हळूच म्हणाली, "बाबल्या, घे रे."

त्या संध्याकाळी वारा आला आणि पाने वाजली. कडकड वाजली! विठूकाकांनी एकावर ठेका धरला. पाडी आली, एक पान चाटले, थबकली, आणि पाठ फिरवून गेली.

"काय गो, आळणी लागलां?" काकी म्हणाली, आणि हसत सुटली, हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

परतताना पाने आंब्याच्या पेटीत, गवताच्या थरांमध्ये आणली. पेटी उघडली तेव्हा आईने आधी आंबे बाजूला काढले, मग एक पान उजेडाकडे धरले आणि बराच वेळ खाली ठेवले नाही. प्रवासाला निघताना मी दादाचे काही सोडून यायच्या तयारीने निघाले होते; आले ते त्याचे काही घेऊन.

बाकीची पाने नात्यात वाटली गेली. काकी आता नाही. एक पान माझ्याजवळ आहे. ते पावसाळ्यातही ताठ राहते. त्यावर मी काही लिहिलेले नाही.