भरली काडतुसं

फोटो मीच काढला होता. स्टीलच्या ताटलीत बारा बोअरच्या लालचुटूक पुंगळ्या उभ्या मांडलेल्या, शेजारी वाटीभर मोहरी, अर्धी जळालेली मेणबत्ती आणि तेल ओतायचं छोटं नरसाळं. तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आज आमच्याकडे भरली काडतुसं. कुणाकुणाला डबा पाठवू?'

हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागेल अशी माझी अपेक्षा होती, तशी ती लागलीही. जाऊबाईंनी 'मसाला ओला की सुका' असं विचारलं. एका भाच्याला विनोद इतका आवडला की त्याने तो पुढे पाठवला, पुढच्याने आणखी पुढे, आणि वाटेत कुठेतरी विनोद गळून पडला नि नुसता फोटो उरला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी बेल वाजली. दारात एक तरुण फौजदार आणि एक महिला पोलीस. तिच्या रेनकोटावरून पाणी गळत होतं. भुशी धरणावरच्या गर्दीतून थेट आल्यासारखी दमलेली दिसत होती.

फौजदारांनी फोन माझ्यासमोर धरला. माझीच ताटली. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'लोणावळ्यात घरात काडतुसं तयार होतात. पोलीस झोपलेत काय?'

"हा ओटा तुमचाच ना, आजी?"

खोटं बोलायला वाव नव्हता. फोटोत मागे ज्या निळ्या टाइल्स होत्या त्याच माझ्या मागे होत्या.

"आमचाच. या ना आत. पण तुम्ही समजता तसं ते नाही."

"काय आहे ते मला बघू दे. मग समजायचं काय ते समजतो."

इथे थोडं सांगायला हवं. माझी नात, मुलीची मुलगी, माझ्याकडे राहते, कारण तिची शूटिंगची रेंज इथून जवळ आहे. यंत्र मातीच्या बशा हवेत भिरकावतं आणि ही त्या बंदुकीने फोडते. याला खेळ म्हणतात आणि त्यात मेडलंही मिळतात. दुनळी बंदूक तिच्या नावाची, परवाना तिच्या नावाचा. बंदूक आणि काडतुसं लोखंडी कपाटात, किल्ली तिच्या गळ्यात. दुकानदार नवी काडतुसं देतो तो परवान्यावर नोंद करून, जुन्या पुंगळ्यांचा हिशेब बघून. मी त्या बंदुकीला हातसुद्धा लावायचा नाही, असा कायदा आहे आणि त्याहून कडक अशी माझी नात आहे.

तिच्या कोचने सांगितलं होतं, घरी रोज बंदूक खांद्याला लावायचा सराव कर. पण रिकाम्या नळीवर चाप ओढत राहिलं तर आतली टोचणी खराब होते म्हणे, म्हणून नळीत खोटं काडतूस घालायचं. तसली विकत मिळतात. मी म्हटलं, विकत कशाला, घरात मी आहे ना. उडवलेल्या, मेलेल्या पुंगळ्या घ्यायच्या, वजनाला काहीतरी भरायचं, तोंड दुमडायचं, वरून मेण. दारू नाही, छर्रा नाही. हरभरे भरले असते तरी चाललं असतं. मोहरी सुचली ही माझी अंगची खोड.

आणि ही विद्या मला कुठून आली? मावळातल्या इंदुरीजवळच्या माझ्या सासरहून. सासऱ्यांकडे रानडुकरांसाठी परवान्याची एकनळी होती. पितळी पुंगळ्या ते घरीच, पाटावर मांडून, पुन्हा भरायचे. नव्या सुनेला त्या पाटाजवळ कोण जाऊ देणार? मी गेले. चार वेळा दारू ठासायची ठोकणी हातात धरली आणि मला वाटायला लागलं, सगळ्या मावळात आपल्यासारखी दुसरी नाही. पितळी मापाने दारू मापायची ऐट, पदर खोचायची ऐट. एकदा पाहुण्यांसमोर सांगितलं की हे काडतूस मी भरलंय, याने डुक्कर उभ्या जागी आडवं होईल. सासऱ्यांनी बांधावरच्या ढेकळावर नेम धरला, चाप ओढला. फुस्स. नळीतून छर्रे घरंगळत त्यांच्या पायाशी पडले, मिरी सांडावी तसे. मी मान ताठ ठेवून म्हणाले, हवा दमट आहे. चैत्र चालू होता. पुढे कितीतरी वर्षं ती गोष्ट निघाली की मी दमट हवेवर ठाम. बुद्धी कमी असली की माणूस ठाम राहू शकतो.

तर फौजदार ओट्यापाशी आले. मी पुंगळ्यांचा डबा काढून पुढे ठेवला.

"काडतूस भरणं म्हणजे काय, माहीत आहे ना तुम्हाला? कायद्यात तो कारखाना होतो. त्याचं लायसन्स वेगळं."

"या ओट्यावर कारखाना?"

"कायद्याला ओटा कळत नाही, आजी. आणि तुमच्या नातीच्या परवान्याचं नूतनीकरण माझ्याच टेबलावर आहे. रिपोर्ट मला द्यायचाय. आज मी इथून जे लिहून नेईन, त्यावर तो राहील किंवा जाईल."

तोवर मला गंमत वाटत होती. त्या वाक्यानंतर ती संपली. आठवड्यावर राज्याच्या संघासाठी तिची निवड चाचणी होती. परवाना नाही तर बंदूक नाही, बंदूक नाही तर निवड नाही, आणि एकदा रद्द झालेला परवाना परत मिळवायचा म्हणजे या वयातली तिची सगळी वर्षं त्यात जायची. आणि ते कशावरून? आजीने ग्रुपवर मारलेल्या एका पाचकळ विनोदावरून.

मी पुंगळी उलटी करून दाखवली. "हे बघा. बुडाला मध्यभागी टोपी. त्यावर खळी पडलीय. टोचणी आपटली की खळी पडते. खळी पडली म्हणजे काडतूस मेलं. जिवंताची टोपी सपाट असते."

महिला पोलीस वाकून बघू लागली. "व्हय, साहेब. समद्यांना खळी हाय." मग माझ्याकडे बघून हसू दाबत, "आज्जी, मोहरीच कशी काय सुचली तुमाला?"

"फोडणीला उरली होती."

फौजदार हसले नाहीत. "आत मोहरीच आहे हे मला कसं कळणार? फोडून दाखवा."

मी अडकित्ता घेतला. पहिल्याचं तोंड कातरलं, ताटलीत मोहरी सांडली. दुसऱ्यातूनही मोहरी. बाई पोलीस आता उघडच हसत होती, आणि फौजदारांच्या खांद्यांतला ताण थोडा उतरलेला दिसला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"ठीक आहे. उरलेलीही फोडा, म्हणजे मला 'सर्व' असं लिहिता येईल."

मी डब्यात हात घातला, पुढचं उचललं आणि हात खाली गेला. जड. मोहरी जड नसते. अंगठ्याने तोंड चाचपलं, मेण लागलं नाही. दुमड माझ्या हातची नव्हती. माझ्या दुमडी शाळेत पहिल्यांदा शिवलेल्या रुमालासारख्या असतात. ही कारखान्यातली, सरळ, घट्ट. मी ते हळूच उलटं केलं. टोपीवर खळी होती.

मग कळलं. बंदुकीचा चाप ओढला, टोचणी टोपीवर आपटली, खळी पडली, पण काडतूस उडालंच नाही. असं कधीतरी होतं. खळी पडलेलं, तरी पोटात सगळी दारू आणि सगळा छर्रा. आदल्या संध्याकाळी नात रेंजवरून आली, जॅकेटचे खिसे रिकामे करत होती, आणि मीच म्हणाले होते, "टाक सगळ्या पुंगळ्या त्या डब्यात, उद्या भरते." तिने न बघता टाकल्या होत्या.

म्हणजे आत्ताच मी एका फौजदाराला जो नियम शिकवला, तो खोटा होता. खळी पडली म्हणजे मेलं, असं काही नव्हतं. आणि नात नसताना, कपाटाबाहेर, ज्या हातांकडे परवाना नाही त्या हातांत जिवंत काडतूस होतं. शिवाय दुसऱ्या हातात अडकित्ता.

फौजदार कागदावर तारीख घालत होते. बाई पोलीस ताटलीतली मोहरी बोटाने गोळा करत होती. माझ्या डाव्या बाजूला गव्हाचा डबा, झाकण अर्धं उघडं. मला मागे वळावंसुद्धा लागलं नसतं. आणि मी तसलीच बाई आहे हो. सासरच्या बांधावर फुस्स झाल्यावर दमट हवा काढणारी ती पोरगी माझ्या आतून म्हणाली, गव्हात टाक आणि नाक वर ठेव. उरलेल्यांतून मोहरी सांडेल, साहेब 'सर्व' लिहितील, चहा घेतील आणि जातील. मीही तिला जवळजवळ 'बरं' म्हणाले होते. पण त्या पोरीला गमवायला काही नव्हतं, नुसती ऐट होती. इथे ऐट माझी आणि परवाना दुसरीचा. उद्या त्यांनी गव्हाचा डबा उघडला तर 'सापडलं' नाही लिहिणार, 'लपवलं' लिहिणार.

मी अडकित्ता खाली ठेवला. काडतूस ओट्यावर आडवं ठेवलं, तोंड भिंतीकडे करून.

"साहेब, हे माझं नाही."

"म्हणजे?"

"हे मी भरलेलं नाही. हे खरं आहे. उडालं नाही वाटतं, पण भरलेलं आहे. आणि मघाशी खळीचं जे सांगितलं, ते चूक होतं."

बाई पोलिसाचं बोट मोहरीतच थांबलं. फौजदारांनी ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी तिला हाताने मागे सारलं आणि स्वतः वाकून, हात न लावता, ते बघत राहिले. बाहेर खंडाळ्याकडून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते, शनिवार होता.

"नातीला बोलवा," ते म्हणाले.

नात आली ती बंदुकीची पेटी खांद्यावर घेऊनच. दारातून एकदा ओट्याकडे बघितलं आणि काय झालं ते न सांगता तिला कळलं. काल एक काडतूस उडालं नव्हतं. रेंजवर ते जमा करायचं असतं, वेगळ्या बादलीत. बादली दूर होती, पाऊस होता, तिने खिशात टाकलं आणि विसरली. एवढं सगळं तिने सरळ सांगितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"तुमची आजी म्हणते, हे डब्यात होतं."

"असेल. मीच टाकलं असणार."

"मी सांगितलं टाकायला," मी म्हणाले.

"तू गप्प बस आता," नात म्हणाली. आवाज अगदी हळू होता, म्हणून जास्त लागला.

मग तासभर लिहिणं चाललं. खरा घोळ एका शब्दावर झाला. फौजदारांनी 'एक जिवंत काडतूस' असं लिहिलं, मग थांबले. टोचणी आपटूनही उडालं नाही ते जिवंत कसं? बाई पोलीस म्हणाली, "मग अर्धमेलं लिवा." कुणी हसलं नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, 'चाप ओढूनही न उडालेले, भरलेले काडतूस'. आणि त्यापुढे, मी मान वाकडी करून वाचलं, 'परवानाधारकाच्या आजीने स्वतःहून दाखविले'. तिथे त्यांनी पेन थोडं जोरात दाबलं असं मला वाटलं. शेवटच्या ओळीत होतं, 'दोघींना समज देण्यात आली'. इतक्या वर्षांत मला कुणी जे देऊ शकलं नव्हतं, ते सरकारने दिलं.

पण बंदूक आणि उरलेली काडतुसं चौकशी संपेपर्यंत ठाण्यात जमा. तिनेच पेटी उघडून दाखवली, नंबर वाचून दाखवला, सही केली. पाठीला पोक न आणता सगळं केलं. दार लागल्यावर तिने माझ्या भरलेल्या पुंगळ्या, फुटलेल्या आणि न फुटलेल्या, पिशवीत भरल्या, दुकानदाराला परत द्यायला. मोहरी माझ्यासाठी ओट्यावर तशीच सोडली.

निवड तिच्याशिवाय झाली. त्या दिवशी ती तळेगावला मैत्रिणीकडे गेली होती. संध्याकाळी परत आली, जेवली, ताट धुतलं. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाली, "आजी, ते काडतूस तू गव्हात टाकू शकली असतीस ना?"

"तुला कसं कळलं?"

"झाकण उघडं होतं. मी आल्याआल्या बघितलं."

त्यानंतर ती माझ्याशी पुन्हा बोलायला लागली.

दिवाळीच्या अलीकडे नूतनीकरण झालेला परवाना आला आणि आम्ही दोघी ठाण्यात बंदूक आणायला गेलो. शिपायाने पेटी टेबलावर ठेवली. नातीने बंदूक बिजागरीवर वाकवून उघडली, दोन्ही नळ्या खिडकीकडे धरून आतून बघितल्या. ओल धरली होती का, हे बघत असावी. मग तिला सही करायची होती. सवयीने मी हात पुढे केला, धरते म्हणून.

"नको," ती म्हणाली.

तिने बंदूक परत पेटीत ठेवली, पेटी बंद केली, कुलूप लावलं आणि मग पेन उचललं. मी हात मागे घेतला आणि तिची पर्स धरली.