चकती पडल्यावर

लोखंडाचा बुरादा कितीही झाडा, घरी गेल्यावर चपलेत सापडतोच. आमच्या मेहकरच्या वर्कशॉपातल्या किश्शांचंही तसंच. आम्ही तिघंच होतो: गंगाराम मिस्त्री, लेथवरचे किसनभाऊ आणि मी. आता एकटाच उरलोय, म्हणून किस्से जरा जास्तच आठवतात.

*

जाड लोखंडी प्लेटीला मोठं भोक पाडायचं तर ड्रिलला पोकळ, दातेरी कटर लावायचा. तो गोल चर कापत जातो आणि मधली चकती अख्खी खाली पडते. मिस्त्री हँडल दाबायचे, मी साबणाचं पाणी सोडत खाली बघायचो. चकती पडली की मी ओरडायचं, "पडली!" मिस्त्री हँडल वर घेणार आणि म्हणणार, "पानी बंद कर बे!" रोजचं ठरलेलं.

पहिल्याच दिवशी मी गरम चकती हातात घेतली.

"चटका बसला काय?"

"नाई, मिस्त्री!"

"मंग नाचून काऊन राह्यला बे?"

*

किसनभाऊंनी एक चकती भाजीवाल्या मावशीला वजन म्हणून दिली. तेव्हा शेर जाऊन नुकतेच किलो आले होते.

मावशीनं विचारलं, "हे शेरातलं हाय का किलोतलं?"

"इंचातलं हाय!"

मावशीनं त्याच्यावर वांगी तोललीसुद्धा!

*

पुढे किसनभाऊ अकोल्याला गेले. मिस्त्री थकले, देऊळगाव राजाला मुलाकडे राहायला गेले. हँडलवर मी एकटा. एकदा दाबतोय, दाबतोय... चकती केव्हाच पडलेली, कटर थेट टेबलात घुसला! मी आपला कोणीतरी "पडली" म्हणायची वाट बघत होतो. शिव्या द्यायलाही कोणी नव्हतं. फार एकटं वाटलं त्या दिवशी.

*

त्याच रविवारी ती चकती खिशात घातली आणि सकाळच्या बसनं देऊळगाव राजा गाठलं. मिस्त्री ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलेले.

सूनबाई म्हणाली, "भाऊ, चार महिने झाले, बाबा कोणासंगं एक शबद बोलले नाईत. नातवालाबी वळखत नाईत."

"मिस्त्री, मी मनोहर. मेहकरचा."

पुन्हा सांगितलं. नजरसुद्धा हलली नाही. आपलं म्हणावं असं शेवटचं माणूसही गेलं, असं वाटलं.

चकती त्यांच्या तळहातावर ठेवली. बोटं मिटलीच नाहीत. ती घरंगळून फरशीवर आपटली. खणकन!

मिस्त्रींचा उजवा हात हळूहळू वर गेला.

"पानी बंद कर बे, मन्या!"