मीटरवर एकाला एक

मी पॉलिटेक्निकमध्ये अँटेना शिकवायचे. त्यामुळे निवृत्तीनंतर स्वतः लावलेला अँटेना चुकेल, हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासले की आपलं उत्तर बरोबरच असणार, हे अंगात मुरतं.

कोळवणला शेतघर घेतल्यावर लोक आधी कलमं लावतात. मी तार लावली. साधारण वीस मीटर लांब, मधोमध कापलेली, कापलेल्या जागी केबल जोडलेली. एक टोक गच्चीवरच्या खांबाला, दुसरं शेजारच्या मावशींच्या आंब्याला. तारेची लांबी नेमकी जमली की ती आपल्या लहरीला झुलायला लागते, झोक्याला योग्य वेळी धक्का बसावा तशी. याला रेझोनन्स म्हणतात. आणि इम्पीडन्स, म्हणजे वीजलहरीला होणारा अडथळा, रेडिओ, केबल आणि तार या तिघांचा जुळला नाही, तर पाठवलेली ताकद परत फिरते. किती परत फिरली ते मीटर सांगतो. एकाला एक म्हणजे काहीच परत आलं नाही, पैकीच्या पैकी. माझा मीटर एकाला दोनच्या आसपास घुटमळायचा. काठावर पास.

रोज सकाळी सातला मी रत्नागिरीच्या मैत्रिणीशी रेडिओवर बोलायचे. ती माझी होस्टेलमधली रूममेट. हॅम, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा आम्ही बरोबर दिली आणि तिला माझ्याहून जास्त मार्क पडले, हे ती मला अजून विसरू देत नाही. तिचा नवरा गेल्यापासून घरात ती एकटीच. फोन दोघींकडे होते, पण फोनवर काय, कुणीही बोलतं. तिनं सातला हाक मारली की माझा आवाज यायचा आणि मग तिचा दिवस सुरू व्हायचा. माझाही तसाच व्हायचा, फक्त मी ते कबूल करत नव्हते.

पाऊस ऐन भरात असताना मीटर सुधारायला लागला. दीड, मग सव्वा, मग चक्क एकाला एक. इथल्या पावसानं सगळ्यांच्या भिंतींना बुरशी येते, पापड सादळतात, गाड्या सुरू होत नाहीत. माझा अँटेना मात्र सुधारला. रेडिओतली खरखरसुद्धा कमी झाली. मी मीटरचा फोटो तिला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘शिक जरा.’

त्याच आठवड्यात तिला मी ऐकू येईनाशी झाले. मला ती छान ऐकू येत होती. ती हाक मारायची, थांबायची, पुन्हा मारायची. मी इकडून घसा फोडून उत्तर देत होते. शेवटी फाटकापाशी मोबाइलला रेंज येते तिथं जाऊन फोन लावला.

“अगं, आठ दिवस झाले. आहेस कुठे तू?”

“रोज बोलतेय मी. तुझा सेट तपास.”

“सेट चांगलाय. बाकी सगळे ऐकू येतात.”

“मग कान तपास. वय झालं आता आपलं.”

तिनं फोन ठेवला. मला वाटलं, बरं झालं, कुणीतरी तिला हे सांगायलाच हवं होतं. त्यानंतरही वीसेक दिवस ती सातला हाक मारत राहिली. मग एके दिवशी थांबली. मीही फोन केला नाही. मीटर माझ्या बाजूनं होता.

दिवाळीनंतर मावशींना आंब्याच्या फांद्या छाटायच्या होत्या, म्हणून तार खाली घेतली. केबलच्या वरच्या जोडावरची टेप उन्हापावसानं फाटली होती. मावशींनी ते टोक हातात धरून खाली केलं, तर आतून तपकिरी पाणी ठिबकायला लागलं.

“आवं बाई, ही वायर पानी प्याली हाय की. पार भरलीया.” मग म्हणाल्या, “आन् रोज सकाळी तुमी कुनावर वरडत व्हता? आमाला वाटलं, बाईंचं कायतरी बिनसलंया.”

ओल्या केबलमधून ताकद परत फिरत नाही, कारण ती वाटेतच जिरते. तारेपर्यंत पोचतच नाही. तिचा येणारा आवाजही जिरायचा, पण उरलेला माझा सेट वाढवून ऐकवायचा; खरखर कमी झाली तीही जिरल्यामुळेच. परत काही येत नाही म्हणून मीटर खूश, आणि मीटर खूश म्हणून मी. हाच प्रश्न मी तोंडी परीक्षेत पोरांना अडकवायला विचारायचे आणि ती चुकली की त्यांची सालटी काढायचे. मला मनापासून लाज वाटली.

फाटकापाशी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही.

“कान तपासले मी,” ती म्हणाली. “ठणठणीत आहेत. सेटही दुसऱ्याकडे नेऊन तपासला. मग एकच उरलं. तुला कंटाळा आलाय माझा, आणि रोज बोलतेय म्हणून खोटं सांगतेयस.”

“मग पुढचे वीस दिवस हाका कशाला मारल्यास?”



“वीस दिवस, हे तुला कसं माहीत?”

“ऐकत होते ना मी.”

“रोज?”

“रोज. एकदा हाक मारताना तुला ठसका लागला, तोसुद्धा.”

ती रडायला लागली. मी फाटकाला धरून उभी होते, आणि तिला गप्प करायचं सोडून मीही रडत होते.