पुढचा बाक

दादा गेल्याचा फोन शेजारच्या घरी आला. मी निरोप ऐकला, घरी येऊन गॅस बंद केला, चार साड्या पिशवीत कोंबल्या आणि धुळ्याहून चोपड्याची एसटी धरली. वाटेत तरी रडू येईल असं वाटलं होतं. अमळनेर गेलं, तापीचा पूल गेला... डोळे कोरडे ते कोरडेच. वहिनी आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही, मग करणार कोण? मंडप, चहा, पाहुण्यांच्या अंथरुणांची सोय, सगळं मीच पाहिलं. ‘बाईंचं काळीज दगडाचं आहे,’ असं कुणीतरी पुटपुटलंही. पुटपुटेना का! जन्म शाळेत पोरांना दटावण्यात गेला माझा, मला असल्या बोलण्याचं काय? पण खरं सांगते, माझं मलाच भय वाटत होतं. सख्खा भाऊ गेला आणि आपल्याला टिपूस येऊ नये?

चोपड्यात दादाला सगळे ‘मिल्ट्रीवाला डॉक्टर’ म्हणत. फौजेतली नोकरी संपवून आला तेव्हा पुण्या-मुंबईला जाईल असं आम्हाला वाटलं होतं. हा पठ्ठ्या सातपुड्याच्या पायथ्याशी दवाखाना थाटून बसला. दवाखान्यात लाकडी बाक दोनच. एक भिंतीकडेचा लांबलचक, दुसरा त्याच्या खोलीच्या दाराशी, आखूड. सकाळी आल्याबरोबर दादा खुर्चीवर बसत नसे. आधी सगळ्यांमधून एक फेरी मारायचा. कुणाची नाडी बघ, कुणाची पापणी खाली ओढ, आणि ज्याला थांबून चालणार नाही त्याला दंडाला धरून पुढच्या बाकावर बसवायचा. तिथे बसलेल्याच्या आधी कुणी आत जायचं नाही, मग तो केळीचा बडा बागायतदार का असेना.

यावरून आमचं एकदा जोरदार वाजलं. सुट्टीत आलो होतो, माझा धाकटा ओट्यावरून पडला, कपाळाला ही एवढी खोक! रक्तानं त्याचा सदराच काय, अहो, माझी साडीसुद्धा भिजली, पोरगं टाहो फोडतंय, आणि मामानं काय करावं? त्याला कंपाउंडरच्या ताब्यात दिलं आणि स्वतः वळला भिंतीला टेकून बसलेल्या एका मजूर बाईकडे. सोनाबाई तिचं नाव. ती ना कण्हत होती, ना काही मागत होती. नुसत्या पापण्या मिटत चालल्या होत्या. रात्री झोपेत मण्यार चावली होती आणि तिला पत्ताच नव्हता. दादानं इंजेक्शन दिलं, जीप मागवली आणि तिच्याबरोबर थेट जळगावचं इस्पितळ गाठलं. बाई वाचली. मी मात्र तो परतल्यावर त्याला फाडफाड बोलले. तो शांतपणे म्हणाला, “माई, ओरडणाऱ्याच्या अंगात अजून जोर असतो गं. सीमेवर तंबूत एकदा मी ओरडणाऱ्यांकडे आधी गेलो होतो. कोपऱ्यातलं पोरगं गप्प होतं...” आणि उठून धाकट्याच्या कपाळावरची पट्टी बघू लागला.

मागच्या दिवाळीनंतर गेले तर दादा निम्मा झालेला. पोटातलं दुखणं होतं, आणि डॉक्टर माणूस, त्याला कळत नव्हतं असं थोडंच? “धुळ्याला चल, तपासून घे,” म्हणून मी रोज डोकं आपटत होते. त्याचं एकच, “आधी ही गर्दी सरू दे.” अरे, दवाखान्यातली गर्दी कधी सरते का? एका सकाळी फेरी मारताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. सोनाबाई नातवाला घेऊन आलेली होती. ती उठली, दादाच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, “डाक्टर, तू गप्प व्हई गया शे. आठे बस.” आणि त्याला पुढच्या बाकावर बसवलं. बाकीचे एकेक करून उठून घरी गेले. कुणी तक्रार केली नाही, कुणी औषध मागितलं नाही. दादा खाली मान घालून हसला आणि दुपारच्या गाडीनं माझ्याबरोबर धुळ्याला आला.

उशीर झाला होता. थोडे दिवस उपचार झाले, मग ‘मला माझ्या घरी ने’ म्हणाला. त्याला पोचवून मी चार दिवसांसाठी धुळ्याला परतले होते, पुढचं वर सांगितलंच.

उत्तरकार्य उरकल्यावर मी दवाखाना आवरायला घेतला. कपाट उघडलं, बाटल्या पुसल्या, फरशी धुतली, पुन्हा धुतली. दारात सोनाबाई कधीची उभी होती कोण जाणे. आत आली, माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, दंडाला धरलं.

“आक्का, तू आजून रडनी नही. आठे बस.”

मी पुढच्या बाकावर बसले. समोर दादाच्या खोलीचं दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. आता ते उघडेल आणि दादा “ये गं, माई” म्हणेल, असं वाटलं... आणि मग मी लहानपणी मारायचे तशी दादाला हाक मारली, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी. सोनाबाई माझा दंड धरून शेजारी उभीच होती. बाकावर जागा होती, पण ती बसली नाही.