पनवेलचा ऑपेरा आणि उसना आवाज

कोकणात जाताना पनवेलला गाडी थांबवून वडापाव खाणारे खूप आहेत. मी तिथे ऑपेरा गायला गेले होते. ही पोस्ट लिहायचं मी बरेच दिवस टाळतेय, कारण तिथे मी जे केलं ते वगळून बाकीचं सांगता येत नाही. प्रयत्न करून पाहिला.

सुरुवात मिलिंदच्या फोनने झाली. तो आणि मी पुण्यात एकाच बाईंकडे पाश्चात्त्य गाणं शिकलो. आता तो सुकापूरला राहतो, नोकरी सांभाळून हौशी गायकांचा गट चालवतो.

"बरोक ऑपेरा करतोय, तीनशे वर्षांपूर्वीचा," तो म्हणाला. "ग्रीक पुराणातली गोष्ट. राणी तू."

मी गोष्ट न विचारताच हो म्हटलं. ती अशी आहे: राजाचं मरण जवळ येतं. त्याच्या जागी कुणी आपखुशीने मरायला तयार झालं तर तो वाचेल, असं देव सांगतात. म्हातारे आईबाप नकार देतात. राणी जाते. शेवटी एक वीर मृत्यूशी झुंजून तिला परत आणतो.

पुण्याहून एसटीने गेले. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे स्वतःची गाडी काढण्यात अर्थ नाही. फक्त शनिवारी सकाळी निघू नका, घाटात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. पनवेल स्टँडवर उतरलात की रिक्षावाले तुम्हाला घेरतातच. सुकापूर म्हणा, रिक्षा पटकन मिळते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारती, आणि मध्येच एखादं कौलारू घर, दारात सुकत घातलेली मासळी.

मी मिलिंदकडेच उतरले, तालीम त्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये होती. हार्पसिकॉर्ड, म्हणजे त्या काळचं पियानोसारखं वाद्य, आपल्याकडे कुठून मिळणार? कीबोर्डवर तो आवाज लावला होता. कोरसमध्ये दातांच्या डॉक्टर असलेल्या दोघी बहिणी, एक बँकेतून निवृत्त झालेले काका. ते काका इटालियन शब्द देवनागरीत लिहून, आरती म्हणावी तसे ठामपणे म्हणत. मी हसले. मग पाहिलं, बाकी कुणीच हसलं नव्हतं.

मी पोहोचेपर्यंत राणीचं काम साजिदा करत होती. ती पनवेलचीच, बेलापूरला सॉफ्टवेअर कंपनीत. आता ती कोरसमध्ये उभी राहणार होती.

"ताई, तुमच्या एंट्रीला मी एक ब्रेथ जास्त घेत होते. तुम्हाला लागेल का? म्हणजे तशी सगळ्यांना सवय झालीय," तिने विचारलं.

"नको, मला जमतं," मी म्हटलं. तिचं गाणं तेव्हा मी ऐकलंही नव्हतं.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. मिलिंदने बजावलं होतं, "घरी बस, बोलू नकोस, गरम पाणी पी." मी बस पकडून उरणला गेले. ब्लॉगसाठी व्हिडिओ हवा होता ना. वाटेत कंटेनरचे ट्रेलर ओळीने उभे असतात, वेळ हाताशी ठेवा. पण पिरवाडीचा किनारा छान आहे. ओहोटीला लांबवर खडक उघडे पडतात. मी वाऱ्यात ओरडून ओरडून मोबाइलसमोर बोलले, तळलेले बोंबील खाल्ले, वर कालाखट्टा गोळा. मासे विकणारी एक मावशी म्हणाली, "पोरी, केवडा ओरडतंस? समुद्राला ऐकू येतंय, बहिरा नाय तो." तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आवडला.

सकाळी उठले तर घशातून नुसती हवा. मिलिंदने मध, हळद, वाफ, सगळं करून पाहिलं. दुपारी नाट्यगृहात त्याने मला आणि साजिदाला बाजूला घेतलं.

"साजिदाला पूर्ण रोल पाठ आहे. ती करेल," तो म्हणाला.

साजिदाने माझ्याकडे पाहिलं. तिचे वडील बरीच वर्षं कुवेतला होते, नुकतेच कायमचे परत आले होते आणि त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत बसणार होते, हे मला माहीत होतं.

"कपडे माझ्या मापाचे आहेत," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं. "मी अभिनय करते. ती विंगेतून गाईल. परदेशात असं करतात."

करतात, हे खरं आहे. पण तिथे पडदा उघडायच्या आधी गाणाऱ्याचं नाव जाहीर करतात. मिलिंद तेच करायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला. "आत्ता नको. लोकांचा रस जाईल. शेवटी सांग."

साजिदा म्हणाली, "ठीक आहे. शो होणं इम्पॉर्टंट आहे." आणि पाण्याची बाटली घेऊन विंगेत गेली.

राणी मुलांचा निरोप घेते ते गाणं आलं. या गाण्यांत पहिला भाग पुन्हा गातात आणि दुसऱ्या वेळी गाणाऱ्याने स्वतःच्या हरकती घालायच्या असतात. मी माझ्या हरकतींप्रमाणे ओठ हलवायच्या तयारीत होते. साजिदाने तिच्या घेतल्या. एके ठिकाणी ती वर जाईल असं वाटलं, तर ती हळूच खाली उतरली, कुणी झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तशी. माझे ओठ चुकले. मी तोंडावर पदर घेतला. लोकांना वाटलं, राणी रडतेय.

टाळ्या थांबेनात. पडदा पडला, पुन्हा उघडला. मिलिंद विंगेतून खुणेने विचारत होता, बोलू का? मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. वाकून नमस्कार केला. कुणीतरी पुष्पगुच्छ दिला, तो घेतला. साजिदा तोवर कोरसमध्ये येऊन कडेला उभी राहिली होती.

नंतर मेकअप रूमच्या दाराशी पांढरी दाढी राखलेले एक गृहस्थ आले. मला वाटलं, माझं कौतुक करणार.

"मी साजिदाचा अब्बा," ते म्हणाले. "पहिल्या सुरालाच ओळखलं मी. फोनवर ऐकलाय ना तो आवाज इतकी वर्षं. तुमची तबियत ठीक नसताना तुम्ही माझ्या पोरीला गायला दिलंत. अल्ला तुम्हाला बरं करो."

पुष्पगुच्छ अजून माझ्या हातात होता. त्यांच्यामागे साजिदा उभी होती. तिचं नाव मी जाहीर होऊ दिलं नाही, हे तिने त्यांना सांगितलेलं नव्हतं. "चला अब्बा, रिक्षा थांबलीय," एवढंच म्हणाली.

पुण्याला परतले. आईने मोबाइलवर प्रयोगाचं रेकॉर्डिंग लावलं. निरोपाच्या गाण्याला तिने हातातली भाजी खाली ठेवली.

"किती सुधारलीस गं!"

"ती मी नाही."

"म्हणजे? दिसतेयस की तू."

"गातेय ती दुसरी. मी नुसती उभी आहे."

आईने रेकॉर्डिंग बंद केलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं.

त्यानंतर मी मिलिंदला फोन करून सांगितलं की पुण्यात ठरलेल्या पुढच्या प्रयोगाला राणी साजिदाच करेल, आणि पनवेलला कोण गायलं हे त्याने गटाच्या पानावर लिहावं. त्याने त्याच दिवशी लिहिलं. मग साजिदाला फोन लावला. बरंच काही ठरवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "मी चुकीचं वागले."

"हो," ती म्हणाली. "अब्बांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांना तुम्ही चांगल्या वाटलात. पुण्याला येतील ते, तेव्हा तुम्हीच सांगा."

"सांगेन," मी म्हटलं.

पनवेलला जरूर जा. उरणलाही जा. मला विचाराल तर प्रवासातलं माझ्यापाशी सध्या एवढंच उरलंय: एका भल्या माणसाने मला दिलेला आशीर्वाद, आणि तो परत कसा करायचा याची तालीम.